प्रश्न कोणी मांडायचा? : 'आक्वा' आणि 'ई-सागू' यांच्या रचनेची समीक्षा

प्रस्तावना

प्रश्नाला थेट उत्तर देणाऱ्या शोधसाधनाचे मूल्यमापन बहुधा उत्तराच्या अचूकतेवरून केले जाते. वापरणाऱ्याला आपला प्रश्न नीट मांडता येतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. या गृहीतकाची तपासणी करण्यासाठी शेतीसल्ल्याच्या दोन व्यवस्थांची तुलना उपयुक्त ठरते. त्यांपैकी एक मुंबईत आणि दुसरी हैदराबादेत आकारास आली.

दोन वेगळ्या वाटा

आयआयटी मुंबईने २००३ मध्ये 'आक्वा' ही व्यवस्था सुरू केली. शेतकऱ्याने मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत प्रश्न लिहावा, तज्ज्ञाने उत्तर द्यावे आणि ते पुढच्या शेतकऱ्याला शोधता यावे, अशी तिची रचना होती. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांचा तीत सहभाग होता.

हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये मीडिया लॅब एशियाच्या साहाय्याने 'ई-सागू' हा प्रयोग केला. तेलुगूत 'सागू' म्हणजे लागवड. वरंगळ जिल्ह्यातील तीन गावांमधील १,०५१ कापूस-शेतांसाठी तो राबवण्यात आला. येथे शेतकऱ्याने प्रश्न विचारण्याची गरजच ठेवलेली नव्हती. गावातील समन्वयक ठरावीक दिवसांनी शेतात जाऊन पिकाची छायाचित्रे घेत. ती सीडीवर घालून कुरिअरने हैदराबादला पाठवली जात. तज्ज्ञांचा सल्ला मात्र दूरध्वनी-जोडणीवरून गावात परत येई. जड छायाचित्रे रस्त्याने व हलका मजकूर तारेने, ही योजना त्या काळच्या साधनांचा अचूक अंदाज घेऊनच केलेली होती.

गुणदोष

कापसाच्या 'लाल्या'चे उदाहरण घेतल्यास दोहोंतील फरक स्पष्ट होतो. लाल्या हे लक्षणाचे नाव आहे, कारणाचे नव्हे. मॅग्नेशियम वा नत्राची कमतरता, रात्रीच्या तापमानातील घट किंवा तुडतुड्यांचा उपद्रव यांपैकी कशानेही पाने लाल होतात. 'लाल्यावर उपाय काय?' एवढाच प्रश्न लिहिला, तर जुन्या उत्तरांतून भलतेच उत्तर हाती येण्याचा संभव असतो. औषधाचा खर्च वाया जातो आणि फवारणीची वेळही निघून जाते. 'ई-सागू'ने ही अडचण ओळखली, हे तिचे मोठे यश मानावे लागेल.

परंतु तिची मर्यादाही येथेच आहे. छायाचित्रात पान दिसते, कर्ज दिसत नाही. 'आता आणखी खर्च करावा की पीक सोडून द्यावे?' ही शेतकऱ्याची खरी शंका अशा रचनेच्या केंद्रस्थानी येत नाही. शिवाय प्रत्येक शेताला वारंवार भेट देणारा माणूस हवा, म्हणजे विस्तारासोबत खर्चही वाढत जातो. 'आक्वा'त मात्र शंका शेतकऱ्याच्याच शब्दांत नोंदली जाते व दिलेले उत्तर इतरांनाही उपयोगी पडते.

आजच्या संदर्भात

२०२३ मध्ये केंद्र सरकारने पीएम-किसान योजनेसाठी 'किसान ई-मित्र' हे अनेक भारतीय भाषांत उत्तर देणारे साधन आणले. बोलून विचारण्याच्या सोयीमुळे अशा साधनांत टंकलेखनाचा अडसर दूर होतो. प्रश्न घडवण्याचा अडसर मात्र उरतोच. ओघवत्या भाषेतील उत्तर तर अपुऱ्या प्रश्नालाही पुरे भासते आणि हा धोका अधिक गंभीर आहे.

निष्कर्ष

उत्तर देण्यापूर्वी साधनाने उलट प्रश्न विचारणे आवश्यक ठरते: पाने कडेने लाल झाली की शिरांमधून? पानाखाली कीड दिसते का? महाविद्यालयांतील प्रकल्पांत विद्यार्थी अशा साधनांची चाचणी घेतात, तेव्हा वापरणाऱ्यांच्या हाती तयार प्रश्नांची यादी दिली जाते. अशा चाचणीत साधन उत्तीर्ण होते, पण वापरणाऱ्याची अडचण कळत नाही. शिक्षकांनी ती यादी बाजूला ठेवून वापरणाऱ्याचे पहिले, अर्धवट वाक्य जसेच्या तसे टिपून घ्यावयास विद्यार्थ्यांना शिकवावे. साधनाची खरी परीक्षा त्या वाक्यापासून सुरू होते.