अंत्यकालाची हेरकादंबरी : उत्कंठेचा एक पेच

हेरकादंबरीचा सारा डोलारा अज्ञानावर उभा असतो. कोणीतरी काहीतरी दडवलेले असते. ते कोणापाशी आहे, कोण कोणाच्या बाजूचा आहे, पारडे अखेर कोणीकडे झुकणार, हे वाचकाला ठाऊक नसते. भविष्यवाणीचे अधिष्ठान याच्या नेमके उलट. शेवट लिहिला गेलेला आहे, तो उघड आहे आणि छापील स्वरूपात कोणालाही उपलब्ध आहे. या दोहोंचा संकर अमेरिकेतील इव्हँजेलिकल प्रकाशनव्यवसायाने १९९५ नंतर फार मोठ्या प्रमाणावर केला. 'प्रचारकी' आणि 'बाजारू' ही दोन्ही विशेषणे या कादंबऱ्यांना लागू पडतात, हे मान्य करूनही त्यांच्यात कथनमीमांसेचा एक खरा पेच आहे आणि तो अभ्यसनीय आहे असे मला वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयास हवी. विश्वासी जनांचे अकस्मात आकाशात उचलले जाणे, त्यानंतर सात वर्षांचे महासंकट, ख्रिस्तविरोधकाची जागतिक सत्ता आणि मग ख्रिस्ताचे पुनरागमन, हा क्रम एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याने व्यवस्थेच्या रूपात मांडला. १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ-बायबलने तो अमेरिकेत रुजवला. (समस्त ख्रिस्ती परंपरेचे हे मत नव्हे, कॅथलिक चर्च आणि अनेक प्रॉटेस्टंट पंथ ही मांडणी स्वीकारत नाहीत.) १९७० साली हॅल लिंडसे याने 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ'मध्ये हाच आराखडा शीतयुद्धावर बसवला. यहेज्केलच्या ३८ व्या व ३९ व्या अध्यायांतला उत्तरेकडून येणारा गोग म्हणजे रशिया. मेशेख म्हणजे मॉस्को. वस्तुतः मेशेख आणि तुबाल यांचे स्थान आधुनिक अभ्यासक अनातोलियात दाखवतात, आणि ज्या 'रोश'वरून रशिया काढला जातो त्या हिब्रू शब्दाचा साधा अर्थ 'मस्तक, प्रमुख' असा आहे. पण ध्वनिसाम्याला पुराव्याची गरज वाटत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तरी आराखडा कोसळला नाही. भाकीत चुकले तरी त्याची पत जात नाही, हे फ्रँक कर्मोडने १९६७ मध्येच दाखवून दिले होते.

टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या 'लेफ्ट बिहाइंड' मालिकेचे (१९९५–२००७) सोळा खंड निघाले आणि सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. या मालिकेतला हेरकथेचा अंश सहसा दुर्लक्षिला जातो. वैमानिक रेफर्ड स्टील ख्रिस्तविरोधक निकोलाय कार्पेथिया याचेच विमान चालवतो. पत्रकार बक विल्यम्स त्याच्याच प्रसारयंत्रणेत नोकरी करतो. दोघेही शत्रूच्या घरात राहून गुप्त समूहासाठी काम करतात. खऱ्या अर्थाने दुहेरी आयुष्य ते हेच. सत्यासाठी खोटे बोलावे काय, हा जो प्रश्न ल कारेच्या हेरांना पोखरतो, तो येथे दारापर्यंत येतो आणि परत पाठवला जातो.

पेच सर्वांत तीव्र होतो तो 'असॅसिन्स' (१९९९) या सहाव्या खंडात. कार्पेथिया मारला जाणार आणि पुन्हा उठणार, हे पात्रांना प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायावरून ठाऊक आहे. मग उरते काय? मारणारा हात. ग्रंथाने तेवढा एक रकाना रिकामा ठेवला आहे आणि लेखकांनी आपली उत्कंठा नेमकी त्यात कोंबली आहे. रेफर्डला तो हात आपला व्हावा असे वाटते, गोळी सुटते, प्रत्यक्षात घाव मात्र वृद्ध इस्रायली शास्त्रज्ञ हाइम रोझेनझ्वाइगच्या पात्याचा होता, हे पुढच्या खंडात कळते. म्हणजे अटळ घटनेच्या पोटात एक साधी 'खुनी कोण?' कथा. आठवा पुत्र कंसाला मारणार हे ऐकून माहीत असलेला आपला कीर्तनश्रोता असल्या युक्तीने चकित होणार नाही. त्याला खुनी कोण हे विचारावेच लागत नाही.

जोएल रोझेनबर्गची वाट वेगळी आहे. 'द लास्ट जिहाद' (२००२) या त्याच्या पहिल्या कादंबरीच्या आरंभी अपहृत विमान अमेरिकेच्या अध्यक्षांच्या ताफ्यावर चाल करून येते. हे प्रकरण ११ सप्टेंबर २००१ पूर्वी लिहिलेले असल्याने लेखकालाच भविष्यवेत्त्याची कीर्ती लाभली. 'द इझीकिएल ऑप्शन' (२००५) मध्ये मोसादचा माजी प्रमुख एलीएझर मॉर्डेकाय एक टिपण लिहितो. गुप्तचर विश्लेषकाने लिहावे तसे. फक्त त्यातला गोपनीय दस्तऐवज म्हणजे यहेज्केल. येथे हेर हा भाष्यकार होतो. रहस्य तिजोरीत नाही, ते सर्वांसमोर उघडे आहे. ते वाचण्याची दृष्टी तेवढी दुर्लभ. ही कल्पना मला खरोखर कसदार वाटते. परंतु रशियन हुकूमशहाचे नाव गोगोलोव्ह ठेवून लेखक तिचा फायदा स्वतःच घालवतो. ज्याच्या नावातच निकाल आहे, त्याचा उलगडा करण्यासाठी मोसादची काय गरज?

यावर उंबेर्तो एकोच्या आधारे आक्षेप घेता येईल. फ्लेमिंगवरील १९६५ च्या निबंधात त्याने म्हटले आहे की बाँडच्या वाचकालाही खेळाचे नियम, चाली आणि निकाल आधीच माहीत असतात. आनंद पुनरावृत्तीत असतो. मग गोगोलोव्हने काय बिघडवले? फरक निश्चिती कुठे वसते यात आहे. बाँड जिंकणार, ही संकेताची निश्चिती; पुस्तक मिटले की ती संपते. गोग नष्ट होणार, ही जगाविषयीची निश्चिती असून पुस्तक मिटल्यावरच ती कामाला लागते. रोझेनबर्गने २००६ मध्ये 'एपिसेंटर' हे ललितेतर पुस्तक लिहून तीच भाकिते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांशी जोडली, तेव्हा कादंबरीचा कल्पितत्वाचा करार उघडपणे मागे घेतला गेला.

या करारभंगाची किंमत पात्रे चुकवतात. नायक जॉन बेनेट विश्वास ठेवील की नाही, एवढीच मोकळी जागा कथेत उरते. बाकी सर्वांचे निवाडे झालेले आहेत. 'लेफ्ट बिहाइंड'मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झालेला, निःशस्त्रीकरणाची भाषा बोलणारा माणूस हाच ख्रिस्तविरोधक आहे आणि इस्रायलशी झालेल्या शांतताकरारापासूनच सात वर्षे मोजली जातात. शांतता दिसली की संशय घ्यावा, असे वळण या वाचनाने लागते. आणि रशियाच्या बाजूने चालून येणारे सैनिक? त्यांना अंतरंग देणे लेखकाला परवडतच नाही. दिले, तर वरून पडणारा अग्नी पाहताना वाचकाचा हात थबकेल.

मूळ ग्रंथ याबाबतीत अधिक सावकाश आहे. यहेज्केलच्या ३९ व्या अध्यायात त्या सैन्याला पुरायला सात महिने लागतात. वाटेने जाणाऱ्याला मानवी हाड दिसले तर त्याने त्याच्याजवळ खूण उभी करावी, म्हणजे पुरणारे मागाहून येतील. रोझेनबर्गच्या पुढच्या कादंबरीचा, 'द कॉपर स्क्रोल'चा (२००६), वेग मात्र मंदिराच्या हरवलेल्या खजिन्याकडे वळलेला असतो.