मानवी काळजीचा सिद्धान्त आणि जामखेडचा अनुभव : एक चिकित्सा

परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात ज्या सिद्धान्तांचा परिचय विद्यार्थ्यांना करून दिला जातो, त्यांत अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ जीन वॉटसन यांच्या मानवी काळजीच्या सिद्धान्ताला महत्त्वाचे स्थान आहे. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वॉटसन यांनी वैद्यकाच्या ‘क्युरेटिव्ह’ दृष्टीशेजारी ‘कॅरेटिव्ह’ हा नवा शब्द ठेवला आणि परिचर्येचे दहा घटक मांडले. परोपकारी मूल्यांपासून त्यांचा आरंभ होतो. रुग्णाच्या मनात श्रद्धा व आशा जागविणे, परस्परविश्वासाचे नाते जोडणे, मानवी गरजांच्या पूर्तीस साहाय्य करणे अशा घटकांचा त्यांत समावेश आहे. परिचारिका म्हणजे डॉक्टरांच्या सूचना अमलात आणणारी मदतनीस, या रूढ समजुतीला या मांडणीने धक्का दिला व परिचर्येला स्वतःचे ज्ञानक्षेत्र मिळवून दिले. तिचे हे ऐतिहासिक श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि या सिद्धान्ताचा मूळ घटक कोणता, हे तपासून पाहिले पाहिजे. तो घटक म्हणजे एक परिचारिका, एक रुग्ण आणि त्यांच्या भेटीचा क्षण. त्या क्षणी दोन व्यक्तींमध्ये जे आत्मिक नाते निर्माण होते, त्यातून आरोग्यलाभ घडतो अशी ही कल्पना आहे. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचला आहे, परिचारिकेजवळ त्याच्यासाठी वेळ आहे आणि दोघांना एकमेकांचा स्पर्श चालतो, या तिन्ही गोष्टी येथे गृहीत धरलेल्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या) ज्या अवर्षणप्रवण भागात 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेथे यांपैकी कोणतीच गोष्ट गृहीत धरता येत नव्हती.

आरोळे दांपत्याने 1994 साली प्रसिद्ध केलेला ‘जामखेड’ हा इंग्रजी ग्रंथ परिचर्येच्या प्राध्यापकांनी वॉटसन यांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचावा असा आहे. त्यातील एक प्रसंगमालिका या दृष्टीने फार बोलकी आहे. प्रकल्पाने आरंभी प्रशिक्षित साहाय्यक परिचारिका प्रसाविकांना गावोगावी पाठविले. हा प्रयोग अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला नाही. या तरुण मुली गावात परक्या ठरल्या. त्यांना एकटीने राहणे असुरक्षित वाटे आणि गावातील अनुभवी बायांना त्यांचा सल्ला मानवत नसे. त्यांच्या ठायी करुणा नव्हती असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. म्हणजेच काळजी घेण्याची इच्छा आणि कौशल्य दोन्ही असूनही काळजी घडली नाही. वॉटसन यांच्या सिद्धान्ताला या अपयशाचे स्पष्टीकरण देणे अवघड जाते, कारण भेटीच्या क्षणाआधी समाजाने उभारलेल्या भिंती त्याच्या कक्षेत फारशा येत नाहीत.

यानंतर गावानेच निवडलेल्या स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकविण्यास सुरुवात झाली. त्यांपैकी अनेक निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजातील होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवत आणि आठवडाभरातील अनुभव एकमेकींना सांगत. हा क्रम काही आठवड्यांचा नव्हता, तो वर्षानुवर्षे चालला. ज्या स्त्रीला घरात नाव घेऊन कोणी बोलावत नसे, तिचे म्हणणे येथे ऐकून घेतले जाई. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. जामखेडमध्ये ही शुश्रूषा प्रथम काळजी घेणारीच्या वाट्याला आली व नंतर तिच्याकडून बाळंतिणीकडे, कुष्ठरुग्णाकडे, अतिसाराने मलूल झालेल्या मुलाकडे गेली. प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये या भागातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी 176 होते. पुढील दशकांत ते झपाट्याने खाली आले.

पाण्याचे उदाहरणही असेच आहे. दुष्काळात लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती, अन्नपाण्याची होती. प्रकल्पाने कूपनलिका खोदल्या व त्यांतील अनेक दलित वस्तीत घेतल्या, त्यामुळे सवर्ण कुटुंबांना पाण्यासाठी तेथे जावे लागले. वॉटसन यांच्या यादीत गरजांच्या पूर्तीचा घटक नववा आहे. जामखेडमध्ये तो पहिला ठरला, आणि परस्परविश्वास त्याच्या मागून आला.

ग्राम आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ यांनी 1988 मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत केलेले भाषण प्रसिद्ध आहे. सभागृहातील झुंबरे सुंदर पण महाग व हाताबाहेरची. पणती मात्र साधी, आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते, असा त्यांचा दृष्टान्त होता. त्यात भावनेपेक्षा ज्ञानाच्या वाटपाचा मुद्दा आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. चरकसंहितेतही परिचारकाचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत परिचर्येचे ज्ञान व दक्षता यांचा उल्लेख आधी येतो, रुग्णाविषयीचा अनुराग त्यानंतर आणि शुचिता शेवटी. आपल्याकडील सेवाभावाच्या गौरवपर भाषणांत मात्र हा क्रम नेमका उलटलेला आढळतो.

काळजीचे संपूर्ण स्थान व्यक्तीच्या अंतःकरणात मानले, की तिच्या अभावाचा दोषही त्या व्यक्तीवरच येतो. 6 नोव्हेंबर 2021 रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून किमान 11 कोविड रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह परिचारिकांना अटक झाली आणि त्याविरुद्ध परिचारिकांनी निषेध नोंदविला. कोणाचा दोष किती, हा न्यायालयाचा विषय आहे. परंतु इमारत, वीजव्यवस्था, मनुष्यबळ यांचा विचार परिचर्येच्या सिद्धान्ताबाहेर ठेवता येतो का, हा प्रश्न या घटनेने वर्गात आणून सोडला आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयातील वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. हे प्रमाण जेथे पाळले जात नाही, तेथे ‘काळजीचा क्षण’ कोणाच्या वेळातून काढायचा, हे उत्तरपत्रिकेत दहा घटक ओळीने लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला कोणी विचारत नाही.

आरोळे यांच्या ग्रंथाचीही चिकित्सा आवश्यक आहे. तो संस्थापकांनी लिहिलेला असल्याने त्यात यशोगाथेचा सूर स्वाभाविकपणे प्रबळ आहे. ग्राम आरोग्य कार्यकर्तीने पगारी नोकर होऊ नये, पूरक व्यवसायातून स्वावलंबी व्हावे, ही त्यातील भूमिका गावाशी असलेले नाते जपण्याच्या हेतूने घेतलेली आहे. तरीही स्त्रियांचे काळजीचे श्रम विनामूल्य असावेत, या जुन्या गृहीतकाला ती नकळत बळ देते. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ ही योजना आली, तेव्हा जामखेडसारख्या प्रयोगांतील हाच भाग सर्वांत सहज उचलला गेला. आरंभीचे प्रशिक्षण 23 दिवसांचे ठरले आणि मोबदला नियत वेतनाऐवजी कामागणिक. दर आठवड्याचा मुक्काम, एकत्र जेवण आणि ऐकून घेणे मात्र जामखेडलाच राहिले. जून 2021 मध्ये, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्या मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. घरोघरी जाऊन रुग्ण शोधणाऱ्या या स्त्रियांनी केलेली ती मागणी वॉटसन यांच्या दहा घटकांपैकी कोणत्या घटकाखाली नोंदवायची, याचे उत्तर त्या सिद्धान्तात सापडत नाही.