मेलेले कावळे मोजले. जिवंत किती होते?

जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे मरून पडायला लागले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. त्याच्या थोडंच आधी नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले होते. तिथंही एच5एन1 निघाला. चार वर्षं मागं जा. जानेवारी 2021, परभणी जिल्ह्यातलं मुरुंबा, मेलेल्या कोंबड्या आणि तोच रोग. ही गावं आमच्या कळमनुरीपासून काही फार लांब नाहीत.

आज मला या सगळ्यामागच्या निगराणीच्या पद्धतीवर टीका करायची आहे. पण आधी तिचं श्रेय तिला देऊ. बर्ड फ्लूच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात बाधित ठिकाणाभोवती 1 किलोमीटर बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र ठरतं. कोंबड्यांसाठी हे बरोबर आहे. शेडमध्ये पक्षी किती हे मालकाला माहीत असतं, आणि कोंबडी स्वतः उडून दुसऱ्या गावाला जात नाही, टेम्पोतून जाते. टेम्पो थांबवला की बरंच काही थांबतं.

कावळ्याला मात्र शेड नाही. मेलेल्यांचा आकडा बातमीत येतो, पण गावात एकूण कावळे किती होते? शंभरातले पन्नास गेले की पाच हजारांतले पन्नास? छेद नसेल तर अंशाला अर्थ नाही, हे आपण शाळेत शिकलो. इथं नेमका छेदच गायब आहे.

दुसरी उणीव तुलनेची. फक्त मेलेले पक्षी तपासले तर विषाणू सापडतो, पण जिवंत पक्ष्यांत तो किती पसरलाय ते कळत नाही. याउलट गिधाडांवरचा 2004 चा पाकिस्तानातला अभ्यास पाहा. ओक्स आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली 25 गिधाडं तपासली. 25 पैकी 25 मध्ये डायक्लोफेनॅक सापडलं. मग दुसऱ्या कारणांनी मेलेली 13 तपासली, एकातही नाही. या दुसऱ्या ओळीतच त्या शोधनिबंधाचा खरा जीव आहे. त्यानंतर औषध दिलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना खाऊ घालूनही त्यांनी पडताळा घेतला. 2006 मध्ये भारतानं जनावरांसाठी हे औषध बंद केलं, ते अशा पुराव्यावर.

तिसरी गोष्ट, प्रश्न उशिरा विचारला जातो. थायलंडच्या एका व्याघ्र प्राणिसंग्रहालयात 2004 मध्ये कोंबडीचं मांस खाऊन वाघांना एच5एन1 झाला होता. 441 पैकी 147 वाघ मेले किंवा मारावे लागले. म्हणजे मार्जारकुळाला हा रोग होतो हे वीस वर्षांपासून छापील आहे. पिंजऱ्यातल्या वाघाच्या खाद्याची तपासणी वाघ मेल्यावर आठवायची गोष्ट नाही. प्रयोगशाळा सांगते प्राणी कशानं मेला. रोग कुठून आला, हे कळायला आधीच्या नोंदी लागतात.

‘पैसा नाही, परवानगी मिळत नाही’ हा युक्तिवाद खोटा नाही. वन्यप्राणी पकडायला 1972 च्या कायद्याखाली परवाना लागतो, विषाणू हाताळायला उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. पण पक्षी मोजायला दुर्बीण आणि वही पुरते. संध्याकाळी थाऱ्यावर येणारे कावळे महिन्यातून दोनदा मोजले तरी छेद मिळतो. आमच्याकडं इसापूर जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. तिथंही हेच करता येईल.

पेटच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी एक हिशोब पाठ करून ठेवा. 60 पक्षी तपासले आणि एकही बाधित निघाला नाही, तर ‘रोग नाही’ असं म्हणू नका. 3 भागिले 60, म्हणजे 5 टक्के. बाधितांचं प्रमाण बहुधा 5 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, एवढंच 95 टक्के खात्रीनं म्हणता येतं. तेही नमुने कुठलीही निवड न करता घेतले असतील आणि चाचणी अचूक असेल तर. 30 तपासले असतील तर हीच मर्यादा 10 टक्क्यांवर जाते.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात ‘मृत पक्ष्यांचे नमुने गोळा करणे’ एवढंच लिहिलं होतं. सरांनी वाचलं आणि एकच विचारलं, “आणि जे मेले नाहीत, ते कुठं आहेत?” मला उत्तर देता आलं नाही. आराखडा परत लिहायला चार महिने गेले.

तुमचा आराखडा उघडा आणि हाच प्रश्न त्याला आत्ताच विचारा. मुलाखतीत दुसऱ्यानं विचारण्यापेक्षा ते बरं.