पडद्यावरचे परग्रहवासी

सांगलीजवळच्या एका माध्यमिक शाळेत आम्ही एकदा सातवीच्या मुलांना परग्रहवासीयाचे चित्र काढायला सांगितले. चित्रे सुरेख होती. कुणाचा परग्रहवासी हिरवा होता, कुणाच्याला तीन डोळे होते, कुणाच्याला खेकड्यासारख्या नांग्या होत्या. पण बहुतेक चित्रांत त्याच्या हातात बंदूक होती, किंवा त्याच्या यानातून खाली आगीचे लोळ पडत होते. जेवणारा, झोपलेला, पिलाला घेऊन बसलेला परग्रहवासी एकाही चित्रात नव्हता. 'हा इथे का आला?' असे विचारल्यावर वर्गातून एकच उत्तर आले: 'हल्ला करायला.' 'पण का?' या प्रश्नाला उत्तर नव्हते. वर्गशिक्षक म्हणाले, "मोबाइलवरच्या गेमचा परिणाम आहे हा. मुलांना दुसरे काही सुचतच नाही."

त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण हा परग्रहवासी मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. आम्ही साताऱ्यात शाळेत होतो तेव्हा, १९९० नंतरच्या वर्षांत, बाजारातल्या एका अरुंद गाळ्यात व्हिडिओ गेमच्या दोन पेट्या होत्या. नाणे टाकले की काळ्या पडद्यावर किड्यांसारख्या आकृत्यांच्या रांगा उमटत. पुढे टीव्हीला जोडायचे खेळ घरोघर आले. त्यांच्या एकेका कॅसेटमध्ये डझनावारी खेळ असत आणि त्यांतही वरून उतरणाऱ्या या रांगा असतच. आज जुने खेळ मोबाइलवर मिळतात, तिथेही त्या आहेत. ज्या शत्रूने इतक्या पिढ्यांची करमणूक केली, त्याच्याकडे एकदा विज्ञानाच्या शिक्षकाच्या नजरेने पाहू या.

या साऱ्या रांगांचा मूळपुरुष म्हणजे 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ. जपानमधील टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तो तयार केला व १९७८ साली तो बाजारात आला. वर ११-११ च्या पाच रांगांत ५५ परग्रहवासी. खाली आपली एकच तोफ आणि तिच्यापुढे चार आडोसे. परग्रहवासी कवायतीसारखे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातात, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात आणि उलटे वळतात. ते जमिनीला टेकले की खेळ संपला. सर्वांना मारले तर नवे ५५ हजर! या खेळात शेवटचा विजय नाहीच. आपण फक्त पराभव लांबवतो.

खेळाची खरी रंगत आहे ती त्याच्या वाढत्या गतीत. जसजसे परग्रहवासी कमी होतात, तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात. शेवटचा तर हाती लागता लागत नाही. मुलांना वाटते, भाऊबंद मेल्यामुळे तो चवताळला. प्रत्यक्षात कारण साध्या अंकगणिताचे आहे. खेळात इंटेलचा ८०८० हा त्या काळचा प्रोसेसर होता. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने उमटे आणि दर वेळी एकाच परग्रहवासीयाला एक पाऊल पुढे सरकवले जाई. ५५ जण असताना सर्वांचे एकेक पाऊल पडायला ५५ भागिले ६०, म्हणजे सुमारे ०.९२ सेकंद लागत. दहा उरले की तेच काम एक षष्ठांश सेकंदात होई. एकच उरला की तो सेकंदाला ६० पावले टाकी. यंत्राची गती बदललेली नसे, त्याच्यावरचा बोजा कमी झालेला असे. यंत्राच्या या मर्यादेमुळे खेळ चुरशीचा होतो हे निशिकादोंनी ओळखले आणि ती तशीच राहू दिली.

हे वर्गात करून दाखवायला एक पैसाही लागत नाही. वीस मुलांना एका ओळीत उभे करा. शिक्षकांनी संथ, एकसारख्या टाळ्या वाजवाव्यात. दर टाळीला एकाच मुलाने, क्रमाने, एक पाऊल टाकायचे. ओळ कशी रेंगाळत जाते ते मुले पाहतील. मग एकेक मूल बाजूला काढा. टाळी तीच, पण उरलेली ओळ धावू लागते. 'चवताळण्या'मागचा भागाकार मुलांना पायांनी कळेल.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शत्रू परग्रहवासीच का? निशिकादोंनी आधी रणगाडे, विमाने, जहाजे वापरून पाहिली, पण त्या काळच्या यंत्रावर त्यांची हालचाल सफाईदार होईना. माणसांच्या आकृत्या चांगल्या चालत होत्या. मात्र माणसांवर गोळ्या झाडायचा खेळ कंपनीला नको होता. अवकाशाची हवा तेव्हा होतीच. म्हणून परग्रहवासी आले. त्यांचे ऑक्टोपससारखे रूप एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या १८९८ च्या कादंबरीतील मंगळवासीयांवरून सुचले. खेकडा व माकूल यांचेही आकार त्यांना मिळाले.

माणसावर गोळी झाडायची नाही, हा संकोच आम्हांला आदराचा वाटतो. पण त्यातून निघालेली पळवाट तपासण्यासारखी आहे. परग्रहवासी निवडला गेला तो त्याच्याबद्दल काही माहीत असावे लागत नाही म्हणून. त्याला गाव नाही, भूक नाही, आईबाप नाहीत, येण्याचे कारण नाही. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही, त्याला मारताना मनाला काही लागत नाही. पुढच्या खेळांनी या शत्रूला नव्या हालचाली दिल्या. १९७९ च्या 'गॅलॅक्सियन'मध्ये तो रांग सोडून अंगावर झेप घेऊ लागला, १९८१ च्या 'गॅलागा'मध्ये आपले यान पकडून नेऊ लागला. त्याच वर्षीच्या 'डिफेंडर'मध्ये तो माणसे पळवतो, म्हणजे निदान काही हेतू दिसतो. पण चरित्र त्याला कुणीच दिले नाही.

मुळात वेल्सचा रोख नेमका उलटा होता. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला आठवण करून देतो, की युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा असाच संहार केला होता. मंगळवासीयांना ठरवण्याआधी स्वतःकडे पाहा, असे त्याचे सांगणे होते. शिवाय त्याच्या मंगळवासीयांना तोफांनी कुणी हरवत नाही. पृथ्वीवरचे सूक्ष्म जंतू त्यांना मारतात, कारण त्या जंतूंशी झुंजण्याची शक्ती त्यांच्या शरीरात नव्हती. म्हणजे कथेची उकल जीवशास्त्राने होते. खेळाने वेल्सचा ऑक्टोपस घेतला आणि त्याचे जीवशास्त्र तेवढे मागे ठेवले.

'खेळच तो, एवढे काय मनावर घ्यायचे?' असे कुणी म्हणेल. आमचेही बालपण त्यात गेले, त्यामुळे बंदीची भाषा आम्ही करणार नाही. पण ही सवय पडद्याबाहेर काय करते, याचा अनुभव सांगली-साताऱ्याने घेतलेला आहे. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला. पानांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या लोकरीचा थर, वरून टपकणारा चिकट गोड द्रव, आणि तो खालच्या पानांवर पडून त्यावर वाढणारी काळी बुरशी. थोड्याच काळात सातारा, कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटकातले ऊसपट्टे त्याने व्यापले. जणू आकाशातून रांगा उतरल्या. पहिली प्रतिक्रिया पडद्यावरच्यासारखीच होती: दिसला की फवारा.

पण मावा ५५ च्या रांगेत येत नाही. त्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिले देते, म्हणून एक सुटली तरी पुन्हा वसाहत उभी राहते. पंख असलेल्या माद्या वाऱ्याबरोबर दूर जातात. पुरुषभर उंच, दाट उसात फवारा पानाच्या खालच्या अंगाला पोचवणे अवघड असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे फवाऱ्याने माव्याबरोबर त्याला खाणारे कीटकही मरतात. मग उरलेला मावा बिनधास्त वाढतो. खेळात मारल्यावर उरलेले वेगाने धावतात ते यंत्रामुळे, शेतात उरलेले वेगाने वाढतात ते त्यांचे भक्षक आपणच मारल्यामुळे.

तोडगा निघाला तो या 'परक्या'ची माहिती काढल्यावर. तो फारसा परका नव्हताच, आपल्या ईशान्य भारतात तो आधीपासून होता आणि त्याला खाणारेही होते. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या लोकरीतच राहून त्याला फस्त करते. मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक आणि सिरफिड माशीची अळी यांनाही मावा आवडतो. एन्कार्सिया नावाचा इवलासा परोपजीवी कीटक आसामातून दक्षिणेत आणला गेला. हे मित्रकीटक वाढवून शेतात सोडण्यात आले आणि ते दिसतील तिथे फवारणी टाळा, असा सल्ला देण्यात आला. मावा आजही अधूनमधून दिसतो, पण पहिल्या वर्षांतला हाहाकार ओसरला. तो समूळ नाहीसा झाला नाही, तर खाणारे आणि खाल्ले जाणारे यांचा तोल साधला गेला. खेळाच्या शेवटी अशी पाटी कधी उमटत नाही.

इथे आम्हां विज्ञानवाल्यांनीही कान पकडायला हवेत. आम्ही लेख लिहितो तेव्हा 'किडीचे आक्रमण', 'रोगाशी युद्ध', 'तणांचा नायनाट' असेच शब्द पटकन लेखणीत येतात. २०१८ साली मक्यावर आलेल्या अळीचे नावही आपल्याकडे 'लष्करी अळी' असेच रुळले. शब्द सोयीचे आहेत, पण ते वाचणाऱ्याला थेट तोफेमागे नेऊन बसवतात. तिथून समोरचा जीव फक्त निशाणी म्हणून दिसतो. मुलांच्या चित्रातल्या बंदुकीचे खापर सगळे गेमवर फोडणे आम्हांला म्हणूनच पटत नाही. ती बंदूक थोडी आमच्याही लेखांतून तिथे गेली आहे.

तर करायचे काय? खेळ काढून घेऊ नका. तो वर्गात आणा आणि पडद्यावरच्या परग्रहवासीयाला पाच प्रश्न विचारायला मुलांना सांगा. तो खातो काय? राहतो कुठे? त्याची संख्या वाढते कशी? त्याला कोण खाते? आणि तो इथे का आला? मुलांना उत्तरे कल्पनेने रचू द्या. मग हेच पाच प्रश्न लोकरी माव्याला, गाजर गवताला, नदीतल्या जलपर्णीला लावा. इथे कल्पना चालणार नाही, निरीक्षण करावे लागेल, विचारावे लागेल. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यातील शाळांत बहुतेक मुलांच्या घरी २००२ चा मावा आठवणारे कुणीतरी असेलच. त्यांना वर्गात बोलवा. तेव्हा काय फवारले, किती खर्च झाला, मावा कशाने गेला असे त्यांना वाटते, हे मुलांनी लिहून घ्यावे. सर्वांची उत्तरे सारखी येणार नाहीत, आणि ती का जुळत नाहीत यावर बोलणे हाच त्या दिवसाचा विज्ञानाचा तास.

त्यानंतर परग्रहवासीयाचे चित्र पुन्हा एकदा काढायला सांगा. बंदूक असली तरी हरकत नाही. त्याच्याजवळ खायला काही आहे का, एवढे मात्र पाहा.