जुन्या घराचे वाचन

जुन्या जालन्यात, कुंडलिकेपासून फार दूर नाही अशा एका गल्लीत आमचे सामाईक घर आहे. वाटेकरी सात, राहणारे एकटे; ते माझे थोरले चुलतभाऊ. यंदा वैशाखात त्यांनी मला बोलावून सांगितले, "अरे, तू लिहिणारा माणूस. या घराच्या ऐतिहासिक महत्त्वावर पानभर मजकूर लिहून दे. गिऱ्हाईक आले आहे. त्याला इथे खाणावळ काढायची आहे, आणि घराला वारसा असला तर तो भाव वाढवून देईल म्हणतो."

मी शाळेत मराठी शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. घरे पारखण्याची विद्या मला नाही. परंतु एखाद्या वस्तूचे मोल काय आणि ते कशावरून ठरवावे, हा प्रश्न अखेर टीकाकाराचाच आहे. म्हणून मी होकार दिला, आणि तिथेच फसलो.

पहिला मसुदा जसा सगळे लिहितात तसाच उतरला. घर फार जुने, पूर्वजांची पुण्याई, सागवानी खांब, गतवैभवाची साक्ष. वाचून पाहिला तेव्हा लक्षात आले की यातले एकही वाक्य आमच्याच घराला लागू पडेल असे नाही. पैठणच्या कोणत्याही वाड्यावर ते जसेच्या तसे चिकटवता येईल. पुस्तकावर असा अभिप्राय आला तर आपण म्हणतो, यांनी पुस्तक वाचलेले नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने प्राचीन स्मारकाला निदान शंभर वर्षांचे वय लागते. ठीक आहे, कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण शंभर वर्षे टिकलेला प्रत्येक ग्रंथ काही वाचनीय नसतो.

तेव्हा आपल्याच जिल्ह्यात एखादे घर लोकांनी कसे सांभाळले आहे ते पाहावे म्हणून मी घनसावंगी तालुक्यातल्या जांबेस गेलो. समर्थ रामदास १६०८ साली इथे, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मले. त्या जन्मस्थानी आज देऊळ आहे. मी नमस्कार केला, पायरीवर बसलो, आणि मनात एक विचित्र हुरहूर दाटून आली. समर्थांच्या बालपणीच्या ज्या दोन गोष्टी मी दरसाल मुलांना सांगतो, त्या दोन्ही देवळाच्या नाहीत, घराच्या आहेत. लहानगा नारायण अंधाऱ्या अडगळीत दडून बसतो, आणि आईने विचारल्यावर जगाच्या काळजीची गोष्ट सांगतो. पुढे लग्नमंडपातून निघून गेलेला हाच मुलगा कितीतरी वर्षांनी बैरागी होऊन उंबऱ्याशी उभा राहतो, आणि दृष्टी गेलेल्या राणूबाईंना आधी वाटते, कोणी भिक्षेकरी आला. या कथा अक्षरशः घडल्या की नाही, हा वाद मला करायचा नाही. पण त्या रचणाऱ्याला अडगळीची खोली आणि उंबरा ठाऊक होता, हे निश्चित. देवळात सगळेच उजेडात असते; तिथे मूल दडणार कुठे?

दोष मी कोणाला देत नाही. भक्तीला घर पुरत नाही, हे मला समजते. शिवाय कागदांच्या बाबतीत आपण असे वागलो नाही. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून हस्तलिखिते गोळा केली, आणि ती समर्थ वाग्देवता मंदिरात आजही अभ्यासता येतात. घर हेही एक हस्तलिखितच, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबेच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीस गेल्या तेव्हा सारा मुलूख हळहळला, आणि पुढे त्या परतही मिळाल्या. घरातली एकेक तुळई लाकडाच्या वखारीत जाते, तेव्हा तिची फिर्याद कोण नोंदवतो?

आम्हा लेखकांचे वागणेही फारसे निराळे नाही. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. धरणगावचे देशपांडे, दारापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि त्याला अडखळणारी माणसे! त्या नाटकात वाडा खरोखर राहता आहे. त्याच्या खर्चाचा हिशेबसुद्धा पात्रांच्या तोंडी येतो. पण त्यानंतर वाडा हे आमच्या हाती तयार प्रतीक आले. म्हातारा खाटेवर शेवटचा श्वास घेतो, बाहेर धो धो पाऊस, आणि मागची भिंत कोसळते. मीही एका कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणात असाच वाडा पाडला आहे, आणि तो पाडताना मला रडूही आले होते. खरा वाडा असा पडत नाही. एका उन्हाळ्यात माळवदावर माती टाकायची राहते. दुसऱ्या पावसात किलचण कुजते. तिसऱ्या वर्षी तो खण बंद करून सगळे पुढच्या सोप्यात निजतात. यात नाट्य काडीचे नाही. म्हणूनच ते कोणी लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. मी ते वर्गात अनेकदा वाचून दाखवले आहे. तरी महारवाडा या शब्दातला वाडा आणि आमचा वाडा हा एकच शब्द आहे, हे मला आमच्या ढेलजेत फूटपट्टी घेऊन बसेपर्यंत सुचले नव्हते. ढेलजेच्या बाहेर एक घडीव दगड आहे. तिथून पुढे ज्यांना पाऊल टाकू दिले नाही, त्यांनीच माळवदाची पांढरी माती डोक्यावरून वाहून आणली होती, असे आजी सहज सांगे. सांगताना तिला त्यात काही वावगे वाटत नसे. घराचे मोल लिहायचे तर तो दगडही लिहावा लागतो.

आणि भीतीही लिहावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडी भिंती आणि वरचा मातीचा भार झोपेतल्या हजारो माणसांवर आला. त्यानंतर आमच्या घरातली बायकामुले कित्येक रात्री माळवदाखाली निजायला तयार नव्हती; मी त्यांतलाच एक. ज्यांनी तेव्हा जुनी घरे पाडून पत्रे घातले, त्यांना वारशाची जाण नव्हती असे म्हणणाऱ्याने एक रात्र तशा आढ्याकडे बघत काढावी.

अखेर मी दुसरे पान लिहिले. खण अकरा, पैकी गळके तीन. धान्याचे बळद एक, रिकामे. देवळ्या नऊ, चुलीजवळचीत काजळीचा थर बोटभर. सवण्यातून उन्हाळ्यात दुपारी ऊन माजघराच्या जात्यापर्यंत येते. निजामी अमलातला एक उर्दू कागद पेटीत आहे. तो वाचू शकणारे घरात कोणी उरलेले नाही. ढेलजेबाहेरचा दगड, आणि तो कशासाठी, ते. अडगळीची खोली एक, दार आतून लागते.

दादांनी पान दोनदा वाचले. "यात इतिहास कुठे आहे?" म्हणाले. मग दगडाच्या ओळीवर बोट ठेवून, "हे काढ. भाव पडेल."

मी ते काढले नाही. पान त्यांनी पेटीत, त्या उर्दू कागदाखाली ठेवले आहे. गिऱ्हाईक दिवाळीनंतर येणार आहे, आणि या वर्षीही माळवदावर माती पडलेली नाही.