मुद्रकाचा जामीन

लेखकास शिक्षा करण्यापेक्षा मुद्रकास धाक घालणे राज्यकर्त्यांना अधिक सोयीचे वाटत आले आहे. १९१० च्या मुद्रण कायद्याने नव्या छापखानदाराकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागण्याची तरतूद केली. मजकूर दुसऱ्याचा, जप्त व्हावयाची रक्कम छापखानदाराची. साहजिकच तोच पहिला परीक्षक झाला. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला.

६ एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञान नियमांत झालेली दुरुस्ती ह्याच घडणीची होती. केंद्र शासनाच्या कामकाजासंबंधीचा मजकूर ‘बनावट, खोटा वा दिशाभूल करणारा’ असल्याचे शासनाच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरविले की, तो राहू देणाऱ्या समाजमाध्यमाचे कायदेशीर संरक्षण धोक्यात यावयाचे. (संरक्षण हाच येथे जामीन.) बांगलादेशाने संत्र्यांवरील आयातकर वाढविला तरी केंद्र स्वस्थ बसले, असे नरखेड तालुक्यातील एखाद्या बागाईतदाराने लिहिले, तर ते खोटे, दिशाभूल करणारे, की केवळ संतापाचे? खोटेपणा पडताळता येतो. दिशाभूल मात्र वाचकाच्या मनात घडते. उपरोध तर शब्दांनी एक व आशयाने दुसरेच सांगतो. कुणाल कामरा ह्या विनोदकाराने नियमास आव्हान द्यावे, हे यथोचितच होय.

मुंबई उच्च न्यायालयात ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. २० सप्टेंबरला न्या. अतुल चांदूरकर ह्यांच्या मताने नियम घटनाबाह्य ठरला. शब्दांची संदिग्धता व माध्यमांना बसणारा धाक, ही दोन्ही कारणे निर्णयात आहेत. आमच्या मते दुसरे अधिक मूलगामी; संदिग्धता मसुदा सुधारून घालविता येते. २४ सप्टेंबर २०२५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ‘सहयोग’ पोर्टलाविरुद्धची एक्स कंपनीची याचिका फेटाळली. तेथेही मजकूर हटविण्याच्या सूचना लेखकास नव्हे, माध्यमास जातात.