चूक परवडेल असे साधन

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड घ्यायचा म्हटले की बहुधा माहितीपत्रकातील आकडे पाहिले जातात: वेग किती, स्मृती किती. ही कसोटी अपुरी आहे. दिवा लुकलुकवायला किंवा तापमान मोजायला १६ मेगाहर्ट्झ वेगही जास्तच होतो. शाळेत साधन जोखावे ते वेगळ्या प्रश्नावर: मुलाची चूक किती लवकर दुरुस्त होते आणि ती केवढ्याला पडते?

१९८० च्या दशकात ८७५१ सारख्या चिपमधील आज्ञावली बदलायची, तर क्वार्ट्झच्या खिडकीतून तिच्यावर अतिनील किरण सोडावे लागत. पुसण्यातच १५-२० मिनिटे जात. नवी आज्ञावली भरायला वेगळा प्रोग्रॅमर लागे. फ्लॅश स्मृतीमुळे हे काम सेकंदांवर आले. २०१० चा आर्डुइनो उनो तर वेगळा प्रोग्रॅमरही मागत नाही. त्याच्या चिपमध्ये आधीच भरलेली ‘बूटलोडर’ ही छोटी आज्ञावली यूएसबीतून आलेली नवी आज्ञावली फ्लॅशमध्ये लिहून घेते.

२०१६ साली ब्रिटनमधील ११-१२ वर्षांच्या मुलांना वाटलेला बीबीसी मायक्रोबिट याहून सोपा. २५ दिवे आणि दोन बटणे बोर्डावरच आहेत. संगणकाला तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल ओढून टाकली की काम झाले. पहिल्या ओळखीसाठी तो उत्तमच. पण त्याची चिप सोल्डर केलेली असते आणि तो सुमारे ३ व्होल्टवर चालतो. ५ व्होल्टचा संवेदक थेट जोडला, तर सबंध बोर्ड निकामी होऊ शकतो.

उनोचे मोल येथे कळते. त्याची २८ पायांची चिप सॉकेटमध्ये बसते. जळली तर काढून दुसरी लावता येते. कोऱ्या चिपमध्ये बूटलोडर नसतो, पण दुसरा उनोच प्रोग्रॅमर बनून, सहा तारांच्या जोडणीने, तो भरून देतो. एरवी झाकून राहणारी पायरी मुलांना त्यामुळे प्रत्यक्ष करून पाहता येते. मात्र खरेदीपूर्वी सॉकेट आहे ना, हे पाहावे. २०२३ च्या उनो आर४ सह काही बोर्डांत चिप सोल्डर केलेली असते.

तेव्हा आठवी-नववीसाठी एका महागड्या बोर्डापेक्षा सॉकेटचे दोन उनो आणि दोन-तीन सुट्या चिप घ्याव्यात. बोर्ड जळेल या धास्तीने शिक्षकच तारा जोडू लागले, तर मुलांच्या वाट्याला नुसते पाहणेच उरते.